‘मुलाचा ताबा हवा तर पोटगी सोड’ – अशा कन्सेंट टर्म्सवर सही करावी का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. तिला विचारूनच लिहितोय.

लग्नाला नऊ वर्षं झाली. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. पावणेदोन वर्षांपासून ती मुलाला घेऊन आमच्याकडे नाशिकला आहे. मेहुणे चाकणच्या एका कंपनीत, पगार चांगला. दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून पाहिलं, काही जमलं नाही. आता दोघांनाही परस्पर संमतीने मोकळं व्हायचंय, त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो मेहुण्यांच्या वकिलाकडून आलेल्या कन्सेंट टर्म्सच्या, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटींच्या, मसुद्याबद्दल. त्यात एक कलम असं आहे की मुलाचा कायमचा ताबा आईकडे राहील आणि त्या बदल्यात आई स्वतःसाठी किंवा मुलासाठी, आज किंवा पुढे कधीही, कुठल्याही कोर्टात पोटगी मागणार नाही. एकरकमी चार लाख देऊन विषय संपला. तोंडी निरोप असा की हे मान्य नसेल तर मुलाच्या ताब्यासाठी केस टाकू.

बहीण एका खासगी शाळेत शिकवते, हातात अठरा हजार येतात. ती म्हणते, “दादा, मला मुलगा हवाय. पैसे नकोत. सही करून टाकते.” मला हे अजिबात पटत नाही. पोटगी ही मुलाच्या हक्काची गोष्ट आहे, ती सोडून देण्याचा अधिकार तिला तरी आहे का? पण तिची भीतीही खरी आहे.

आणखी एक. मेहुण्यांचे काका म्हणतात कोर्टाची भानगडच कशाला, स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहू, नोटरी करू, दोघं मोकळे. हे चालतं का?

अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

निशिगंध

सही करू देऊ नका. आत्ता बसमध्ये आहे, घरी पोचल्यावर सविस्तर लिहिते. पण सही करू देऊ नका.

माळरान

नोटरीच्या सोडचिठ्ठीबद्दल मी सांगतो, कारण आमच्या भागात हे अजून सर्रास चालतं. पाच पंच, दोन्हीकडचे मामा, स्टँपपेपर आणि तालुक्याचा नोटरी. कागदावर लिहिलेलं असतं, ‘आजपासून आमचा एकमेकांशी संबंध उरला नाही’. झाली फारकत!

हा घटस्फोट नाही. हिंदू विवाह कायद्याच्या २९व्या कलमात रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे हे खरं, पण तशी रूढी आपल्या जातीत पूर्वापार आणि सलग चालत आलेली आहे हे कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. ते कठीण असतं. आमच्या भावकीतल्या एका पोरीचं असंच झालं. सोडचिठ्ठी झाली, दुसरं लग्न लावून दिलं, दुसरा नवरा अपघातात गेला. नुकसानभरपाई आणि फंडाच्या वेळी दिराने तोच कागद पुढे केला आणि म्हणाला, हिचा पहिला घटस्फोटच झालेला नाही, ही माझ्या भावाची बायकोच नव्हे. दोन लेकरं पदरात. अजून भांडतेय.

काकांना नमस्कार सांगा आणि कोर्टात जा.

वकील_वऱ्हाडी

माळरान यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता मूळ प्रश्न. मी कौटुंबिक न्यायालयात काम करतो. इथलं लिखाण सर्वसाधारण माहिती म्हणून घ्या, कागद बघितल्याशिवाय कुणीच पक्कं सांगू शकत नाही.

आई स्वतःच्या पोटगीबाबत तडजोड करू शकते. मुलाची पोटगी सोडून देणं तिच्या हातात नाही. तो मुलाचा स्वतंत्र हक्क आहे आणि आईबापांनी आपसात काहीही लिहिलं तरी त्याने मूल बांधलं जात नाही. असं कलम असूनही मुलाच्या वतीने आई नंतर अर्ज करू शकते. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ कलम आता १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय, त्याखाली. तो अर्ज ती जिथे राहते तिथे, म्हणजे नाशिकलाच करता येतो.

मग हे कलम घालतात कशाला? कारण घाबरलेली बाई पुढे दहा वर्षं त्या कागदाकडे बघून गप्प बसते. कायद्यात जोर नसलेलं कलमसुद्धा घरात काम करतं. म्हणून ते नंतर मोडण्यापेक्षा आधीच काढून टाकायचं.

आता ताब्याची धमकी. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६चा, त्यात पाच वर्षांपर्यंतचं मूल साधारणपणे आईकडे असावं असं म्हटलंय. तुमचा भाचा सात वर्षांचा, त्यामुळे तेवढ्या कलमाचा आधार नाही. पण त्याच कायद्याचं १३वं कलम आणि त्यावरचे सगळे निकाल एकच गोष्ट बघतात: मुलाचं हित. मूल पावणेदोन वर्षं आईकडे आहे, शाळा लागली आहे, आजी-आजोबा घरात आहेत, आई शिक्षिका आहे. ही घडी विस्कटण्यासाठी वडिलांना सबळ कारण दाखवावं लागेल. आईचा पगार कमी हे कारण नाही. पैसे कमी असतील तर वडिलांनी द्यायचे, त्यालाच पोटगी म्हणतात.

बाबा_पुणेकर

वकीलसाहेब, दुसरी बाजूही लिहू द्या. प्रत्येक धाग्यावर नवरा म्हणजे पैसे बुडवणाराच असतो का?

मी दर महिन्याच्या पाच तारखेला पोटगी भरतो, एकदाही चुकलेली नाही. मुलीला भेटायचं ठरलंय पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. छोटीशी खोली, भिंतीवर रंगवलेलं जिराफ, प्लॅस्टिकची घसरगुंडी, कोपऱ्यात चाक नसलेला ट्रॅक्टर. एका वेळी चार-पाच बाप आणि त्यांची मुलं तिथे. मी तिच्यासाठी सँडल घेऊन गेलो, त्या दोन नंबरांनी लहान निघाल्या. तिचा पाय वाढलेला मला कळलाच नव्हता. कित्येक शनिवारी तर ती येतच नाही. ताप आहे, परीक्षा आहे, लग्नाला गेलीय. पोटगी चुकली तर वॉरंट, भेट चुकली तर पुढची तारीख. हा कुठला न्याय?

त्या मेहुण्यांची बाजू आपल्याला माहीत नाही. कदाचित त्यांना वाटत असेल, मूल कायमचं जाणारच आहे तर पैसे तरी कशाला भरू.

निशिगंध

बाबा_पुणेकर, सँडलचं वाचून वाईट वाटलं. मनापासून. पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. “मूल माझ्याकडे नाही म्हणून खर्च करणार नाही” यात मुलाने काय केलं?

आता माझ्या आत्तेबहिणीचं सांगते. तिनेही असंच लिहून दिलं होतं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. बालवाडीची फी ती किती असणार! भागलं. मग मुलगा आठवीत गेला, चष्मा लागला, दातांना तारा बसवायच्या निघाल्या, क्लास लावला. बापाने दुसरं लग्न केलं, बंगला बांधला. ही घरी शिवणकाम करून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ब्लाउज शिवायची. कुणीतरी सांगितलं म्हणून मुलाच्या वतीने अर्ज केला. त्यांनी अर्थातच तो जुना कागद दाखवला. कोर्टाने सरळ सांगितलं की हा मुलाचा हक्क आहे. महिना सहा हजार मंजूर झाले, अर्जाच्या तारखेपासून. पण मधली वर्षं गेली ती गेलीच. त्या वर्षांचं कुणी काही देत नाही. म्हणून बसमधून घाईने लिहिलं.

सुलभामावशी

मी विवाह समुपदेशक म्हणून कौटुंबिक न्यायालयात नोकरी केली, आता निवृत्त आहे. दोन्ही बाजू रोज समोर बसायच्या.

बाबा_पुणेकर, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते तुम्ही कोर्टात लेखी मांडायला हवं. चुकलेल्या प्रत्येक भेटीची नोंद करून घ्या. भरून काढायच्या भेटी मागा, कोर्टाबाहेर भेट मागा, एक रात्र मुक्काम मागा. यशिता साहू विरुद्ध राजस्थान या २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळण्याचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष भेट नसेल तेव्हा व्हिडिओ कॉलने संपर्क राहावा. मुलीचा हक्क म्हणून मागा, तुमचा म्हणून नव्हे. मांडणी बदलली की समोरच्याचा सूरही बदलतो, मी पाहिलंय.

गोदाकाठ, तुमच्या मसुद्यात भेटीबद्दल काय लिहिलंय? त्याचा उल्लेखच नाही तुमच्या पोस्टमध्ये.

गोदाकाठ

@सुलभामावशी, आत्ता परत काढून वाचलं. एक ओळ आहे: ‘वडिलांना मुलास भेटण्याचा वाजवी हक्क राहील.’ बस.

सुलभामावशी

‘वाजवी’ या शब्दावरून मी इतकी भांडणं पाहिली आहेत की विचारू नका. नवऱ्याच्या मते वाजवी म्हणजे दर आठवडा, बायकोच्या मते वाजवी म्हणजे दिवाळीला फोन.

सगळं लिहून घ्या. कोणता शनिवार, किती ते किती, कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं. मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी की कशी. दिवाळीतला पाडवा कुणाकडे आणि भाऊबीज कुणाकडे. गणपती कुणाच्या घरी बसतो आणि त्या दिवशी मूल कुठे असणार. वाढदिवस. आजारी पडला तर कुणी कुणाला कळवायचं. शाळेच्या पालकसभेला कोण जाणार, प्रगतिपुस्तक वडिलांना मिळणार का. पासपोर्टसाठी सह्या कोण देणार. हे आत्ता बोलायला जड जातं, पण एकदा लिहिलं की पुढच्या प्रत्येक सणाला बोलावं लागत नाही.

पिंपळपान

मावशी, आमच्याकडे गौरीगणपतीला मूल कुणाकडे यावरून सुखाने नांदणाऱ्या जोडप्यांमध्येही भांडण होतं, ते पण घाला मसुद्यात 😀

सुलभामावशी

@पिंपळपान, त्यांनाही लिहून देईन, फी घेणार नाही 😀

कोरडवाहू

एक सरळ प्रश्न. कोर्ट पोटगी किती देतं? पगाराचे टक्के ठरलेले असतात ना? आमच्या ऑफिसात सगळे २५ टक्के म्हणतात. आणि बायको निम्मी प्रॉपर्टी नेते हे खरं का?

वकील_वऱ्हाडी

टक्के कायद्यात कुठेही नाहीत. २०१७च्या कल्याण डे चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य म्हटली, तेव्हापासून तो आकडा ऑफिसातून ऑफिसात फिरतोय. त्या प्रकरणापुरता तो बरोबर होता. प्रत्यक्षात कोर्ट दोघांचं उत्पन्न, राहणीमान, अवलंबून असलेली माणसं, कर्जाचे हप्ते, मुलाचा खरा खर्च हे सगळं बघतं.

आणि हे दिसावं म्हणूनच रजनीश विरुद्ध नेहा हा ४ नोव्हेंबर २०२०चा निकाल महत्त्वाचा. प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं. बायको आणि मुलाच्या अंतरिम पोटगीचा वाद वर्षानुवर्षं चालला, त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या देशासाठी पद्धत घालून दिली. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. पगार, बँक खाती, विमा, गुंतवणूक, गाडी, घर, सगळं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. आणि दोन-तीन कायद्यांखाली वेगवेगळे अर्ज असतील तर आधी मिळालेली रक्कम लपवायची नाही, ती जमेस धरली जाते.

गोदाकाठ, तुमच्याकडे तडजोड आहे म्हणून ही प्रतिज्ञापत्रं कुणी मागितली नसतील. पण आकडा ठरवण्याआधी मेहुण्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि आयकर विवरणपत्र बघायला मागा. चार लाख कशावरून आले ते तरी कळेल.

बहिणीलाही कमाई आहे, त्यामुळे मुलाचा खर्च दोघांनी उचलायचा. २०००च्या पद्मजा शर्मा खटल्यात दोघं कमावते होते, तिथे मुलांचा खर्च बाप आणि आईने दोनास एक असा वाटून घ्यावा असं ठरलं, कारण पगार साधारण त्या प्रमाणात होते. हा चांगला मापदंड आहे. दोघांच्या पगाराचं प्रमाण काढा, मुलाचा खर्च मांडा, वाटा आपोआप समोर येतो.

कोरडवाहू, निम्म्या प्रॉपर्टीचं महाराष्ट्रात खरं नाही. हिंदू विवाह कायद्यात नवऱ्याच्या मालमत्तेचा निम्मा वाटा असं काही नाही. डिसेंबर २०२४मध्ये रिंकू बाहेती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीला १२ कोटी दिले, पण पोटगी म्हणजे दोघांची संपत्ती समसमान करणं नव्हे हेही त्यात स्पष्ट केलं. पेपरात फक्त १२ कोटी छापून येतात.

मांडवी

गोव्यात मात्र निम्मं आहे. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग अजून लागू आहे, हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांना. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामायिक धरली जाते आणि घटस्फोटात निम्मी-निम्मी होते. माझी मावशी पेडण्याची, तिने आयुष्यात नोकरी केली नाही. पण घराच्या वाटणीत तिच्या बाजूने बोलायला कायदा होता. सिंधुदुर्गात दिलेल्या तिच्या सख्ख्या बहिणीला तसं काहीच नव्हतं, मध्ये फक्त तेरेखोलची खाडी.

अर्थात निम्मं मिळेपर्यंत इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातल्या वाटणीच्या कामात, वर्षं जातात, ते वेगळं.

कोरडवाहू

हे माहीतच नव्हतं. मग मुसलमान बाईला महाराष्ट्रात पोटगी मिळते की नाही? शेजारच्या ताईंसाठी विचारतोय.

वकील_वऱ्हाडी

मिळते. १२५ म्हणजे आताचं १४४ सगळ्या धर्मांना लागू आहे. शाहबानो निकाल १९८५चा, मग १९८६चा कायदा आला, त्यावर २००१चा डॅनियल लतिफी निकाल, आणि जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्री १२५खाली अर्ज करू शकते. शेजारच्या ताईंना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवा. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७च्या कायद्याने. फोन १५१००.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीतून लिहितोय. इकडे मुलाच्या खर्चाचं गणित ठरलेलं आहे. दोघांचं उत्पन्न, मुलं किती, मूल किती रात्री कुणाकडे, विम्याचा हप्ता कोण भरतं, सगळं तक्त्यात घालायचं आणि आकडा येतो. रक्कम बहुतेक वेळा थेट पगारातून कापली जाते आणि कोर्टाच्या प्रोबेशन विभागामार्फत जमा होते. आईला बापाकडे मागावं लागत नाही, बापाला आईच्या हातात द्यावी लागत नाही. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आपल्याकडेही असा तक्ता का असू नये?

जाता जाता एक सावधगिरी. इकडच्या कोर्टातून एकतर्फी घटस्फोट घेतला की भारतात काम झालं असं खूप जण समजतात. १९९१च्या नरसिंह राव निकालानुसार तो भारतात मानला जाईलच असं नाही. आणि भारताने मुलांच्या पळवापळवीबाबतच्या हेग करारावर सही केलेली नाही. मूल घेऊन विमानात बसण्याआधी दोन्ही देशांतल्या वकिलांशी बोला.

बाबा_पुणेकर

तक्त्याला माझा पाठिंबा. ‘मूल किती रात्री कुणाकडे’ हे त्यात धरतात, ते मला फार आवडलं. आमच्या निकालात रात्र हा शब्दच नाही.

सुलभामावशी, तुमचं वाचून वकिलांशी बोललो. मुक्कामासाठी अर्ज टाकतोय.

अबोली_स

मी गेली काही वर्षं एकटीने मुलगी वाढवतेय. मला मूळ प्रश्नातल्या ताईंशी बोलायचंय.

ताई, “पैसे नकोत, मूल हवं” हे मीही म्हटलं असतं. आपल्याला लहानपणापासून शिकवतात की स्वाभिमान म्हणजे न मागणं. पण तुम्ही स्वतःसाठी साडी मागत नाही आहात. तो मुलगा बारा वर्षांनी इंजिनिअरिंगला जाईल किंवा आयटीआयला जाईल, त्याची वसतिगृहाची खोली, त्याचा लॅपटॉप, त्याच्या आजारपणाची औषधं यांचा प्रश्न आहे. अठरा हजारात तुम्ही निभवाल, मला खात्री आहे, बायका निभावतातच. पण तुम्ही निभावू शकता म्हणून वडिलांची जबाबदारी संपत नाही.

शिवाय पोटगी देणारा बाप मुलाच्या आयुष्यात थोडा तरी उरतो. माझ्या मुलीच्या शाळेची फी तिचे वडील थेट शाळेत भरतात. तिला माहीत आहे. “बाबांनी फी भरली” असं ती मैत्रिणींना सांगते, तेव्हा मला बरं वाटतं. आमचं पटलं नाही म्हणून तिच्याजवळ बाबा हा शब्द नसावा असं मला वाटत नाही.

माळरान

अबोलीताई, फार चांगलं लिहिलंत.

रोखठोक

सगळं ठीक. पण कागदावर पोटगी लिहून घेतली आणि त्याने सहा महिन्यांनी देणं बंद केलं तर? किंवा नोकरीच सोडली? माझ्या मित्राच्या बहिणीच्या नवऱ्याने राजीनामा देऊन कोर्टात सांगितलं, मी बेरोजगार. त्यापेक्षा चार लाख हातात आले ते काय वाईट? हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?

वकील_वऱ्हाडी

रोखठोक, हा मुद्दा खरा आहे आणि व्यवहारात सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. समन्स बजावलं जात नाही, बेलीफ परत येतो, पत्ता बदललेला असतो. कायदा असा आहे: १४४खाली थकबाकीसाठी वॉरंट निघतं आणि न भरल्यास दर महिन्याच्या थकबाकीमागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून रक्कम माफ होत नाही, हे १९८९मध्येच ठरलंय. मात्र थकलेल्या रकमेचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. बऱ्याच जणी “देईल, देईल” म्हणत वाट बघतात आणि मुदत जाते. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवण्यासारखी.

हुकूमनाम्याच्या दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जात, पगारावर जप्तीही आणता येते. एरवीच्या कर्जापेक्षा पोटगीत जास्त पगार जप्त होऊ शकतो, फक्त एक तृतीयांश सुरक्षित राहतो. राजीनाम्याचं म्हणाल तर २०२२च्या अंजू गर्ग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांना पोसायचं. मुद्दाम सोडलेली नोकरी कोर्टाला कळते.

पण तुमच्या शंकेतच एक उपाय आहे. एकरकमी की मासिक, असं एकच निवडायला कुणी सांगितलंय? बहिणीची स्वतःची पोटगी एकरकमी मिटवा. तिच्या हातात रोख येईल, मेहुण्यांना दर महिन्याला बायकोचं देणं राहणार नाही. मुलाचं मात्र मासिक ठेवा, आणि सुरुवातीला त्याच्या नावाने मुदत ठेव करून घ्या, जिचं व्याज शिक्षणाला लागेल. आमच्याकडे बऱ्याच तडजोडी अशाच होतात आणि टिकतात.

निशिगंध

आणि स्त्रीधन! त्याबद्दल कुणी बोललंच नाही. मंगळसूत्र, पाटल्या, माहेरून आलेली भांडी, कपाट. ते तिचंच आहे, चार लाखांत धरलेलं नाही ना ते बघा.

वकील_वऱ्हाडी

बरोबर. १९८५च्या प्रतिभा राणी निकालापासून स्पष्ट आहे, स्त्रीधन ही तिची एकटीची मालमत्ता. पोटगीच्या हिशेबात ते मिसळू देऊ नका. यादी करा, वजनासकट, आणि कन्सेंट टर्म्सना जोडा.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडा उशीर झाला, पण सांगण्यासारखं घडल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

हा धागा बहिणीने स्वतः वाचला. अबोलीताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला आणि म्हणाली, “वकील आपला करू या.” विधी सेवा प्राधिकरणातून एक वकीलबाई मिळाल्या, फार चांगल्या आहेत. त्यांनी ते कलम पूर्ण काढलं. बहिणीचे पाच लाख एकरकमी. मुलासाठी मेहुण्यांनी पगाराच्या स्लिपा दाखवल्या, त्यावरून खर्चाचा दोन तृतीयांश वाटा त्यांचा, शाळेची फी थेट शाळेत. ताब्याच्या केसची भाषा भेटीचं वेळापत्रक समोर ठेवल्यावर बंद झाली. त्यांना मुख्य धास्ती होती की मुलगा पुन्हा दिसणारच नाही. महिन्यातले दोन शनिवार-रविवार मुक्कामी, मे महिन्यातले वीस दिवस, आणि गणपतीचे पहिले दोन दिवस आजोळऐवजी त्यांच्या घरी. बाबा_पुणेकर, तुम्ही लिहिलं नसतं तर रात्रीच्या मुक्कामाचं आम्ही स्वतःहून सुचवलं नसतं.

दोन प्रश्न उरलेत. दर महिन्याची रक्कम आयुष्यभर तीच राहणार का? आणि परस्पर संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं म्हणतात, ते थांबावंच लागेल का?

वकील_वऱ्हाडी

वाचून फार आनंद झाला.

रक्कम तीच राहू देऊ नका. दरवर्षी जूनपासून ठरावीक टक्के वाढ, असं वाक्य आत्ताच घाला, म्हणजे दरवेळी अर्ज नको. तरी परिस्थिती खूपच बदलली तर वाढीसाठी किंवा कमी करण्यासाठी दोघंही कोर्टात जाऊ शकतात. अठरा पूर्ण झाल्यावर काय, हेही लिहा. कायद्याने मुलाची पोटगी सज्ञान होईपर्यंत असते आणि खरा खर्च तर तेव्हाच सुरू होतो. ‘पदवी किंवा पदविका पूर्ण होईपर्यंत शिक्षणखर्चाचा तोच वाटा’ असं वाक्य मान्य करून घ्या.

सहा महिन्यांचं: २०१७च्या अमरदीप सिंग निकालाने कोर्टाला तो कालावधी माफ करता येतो. पहिल्या मोशनच्या, म्हणजे दोघांनी मिळून केलेल्या पहिल्या अर्जाच्या, आधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी आणि ताबा ठरलेला असावा. तुमचं तिन्हीत बसतं. पहिल्या मोशननंतर आठवड्याभराने माफीचा अर्ज देता येतो. मान्य करायचा की नाही हे न्यायाधीशांवर.

मात्र हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पाच लाखांपैकी अर्धे पहिल्या मोशनला आणि अर्धे अंतिम हुकुमाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, असं लिहून घ्या. आणि स्त्रीधनाची यादी जोडली का, ते आज वकीलबाईंना फोन करून विचारा.